मंजुषाचं ऑपरेशन कायचं होतं

मंजुषा माही धाकटी जाऊ. आता सदतीस वर्षांची हाय. तिच्याबद्दल गावात दोन गोष्टी सांगतात. एक, तिचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. दुसरी, त्या ऑपरेशनची भूल डोक्यात चढली अन् ती तशी झाली. दोन्ही खोट्या हायेत. पहिली मी पसरवली. दुसरी लोकाइनं त्या पहिलीतूनच काढली, तवा तिचंही पाप माह्याच माथी. म्हणून खरं काय झालं ते मीच सांगतो. मधात कोणी बोलू नका.

पहिले मी कोण ते सांगतो. माहं नाव निता. गावच्या अंगणवाडीची सेविका हाय मी, सोळा वर्षं झाली. आमचं गाव मानोरा तालुक्यात, पोहरादेवीच्या रस्त्यापासून जराक आत. माहं काम म्हणजे पोराइचं वजन कराचं अन् रजिस्टरात लिहाचं. एखाद्या पोराचं वजन महिन्यात पावभर उतरलं का मी त्याच्या मायले दारात जाऊन झापतो. गावातल्या बाया मले भेतात. एवढी हुशार बाई मी, अन् माह्याच घरात माह्या डोळ्यादेखत काय झालं ते आता ऐका.

मंजुषा लग्न होऊन आली तवा पंचावन्न किलोची होती. दिग्रसची पोरगी. हात इतका चलाख का सकाळी कापड आणून दिलं तर संध्याकाळी ब्लाऊज अंगात. अर्ध्या गावाचे ब्लाऊज तीच शिवे. माह्या देराचा, राजूभाऊचा, तिच्यावर लय जीव. पुढं मयुरी झाली. मंग थायरॉइड निघालं, मंग मधात एक गर्भ पडला, मंग शुगर लागली, अन् दर वर्षाले तिचं अंग वाढतच गेलं. पोट इतकं पुढं आलं का शिलाई मशीनीजवळ तिले बसता येईना. राजूभाऊनं मोटर लावून दिली, तरी हात पुरेना.

लोक म्हणत, खात असंन बाई चोरून. आमच्या घरात ताटं मी वाढतो. सगळ्यात कमी ती खाये, हे मी गंगेत उभं राहून सांगीन. पण कोणाले खरं वाटते? जाड माणूस दिसला का जो तो वैद्य होते. कोणी म्हणे सकाळी गरम पाणी पे, कोणी म्हणे भात सोड, कोणी म्हणे शेतात निंदाले पाठवा, आपोआप उतरंन. तिनं सारं करून पाह्यलं. दोन महिने निऱ्या ज्वारीच्या भाकरीवर अन् ताकावर राह्यली. सहा किलो उतरले, अन् पुढच्या चार महिन्यात नऊ चढले.

मंग कारंज्याच्या एका लग्नात ते झालं. जेवणाच्या पंगतीत प्लास्टिकच्या खुर्चीचा पाय मोडला अन् मंजुषा खाली पडली. तिले उठवाले चार माणसं लागली. कोणत्या तरी पोट्ट्यानं त्याचा व्हिडिओ काढला. तीन दिवसात तो व्हिडिओ फिरत फिरत आमच्याच गावच्या ग्रुपवर आला, वरतून हसण्याची गाणी लावून. त्या दिवसापासून ती कोणाच्या लग्नाले गेली नाही, बारशाले गेली नाही. मयुरीच्या शाळेत बी राजूभाऊच जाये. झोपीत तिचा श्वास बंद पडे, अन् नवरा बिचारा उशाशी बसून तिले हलवून जागी करे. पस्तिसाव्या वर्षी गुडघे गेले होते, शुगरच्या गोळ्या वाढत होत्या, अन् ती मले एक दिवस म्हणे का ताई, मयुरीचं लग्न होईलोक मी काही टिकत नाही.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईचं नाव तिच्या मावशीनं सुचवलं. जाच्या आधी फोनवर तिथल्या पोरीनं वजन विचारलं. माह्या काट्यावर मोठ्या माणसाचं वजन शंभरापर्यंतच होते. मंग एका रविवारी, मार्केट बंद असताना, कारंज्याच्या एका ओळखीच्या अडत्याच्या दुकानात आमी गेलो. सोयाबीनचे कट्टे मोजतात त्या काट्यावर मंजुषा उभी राह्यली. एकशे एकतीस. राजूभाऊ आकडा पाहून तिकडं तोंड करून उभा राह्यला. तीच हसली अन् म्हणे, क्विंटलच्या वरचा माल हाय, भाव चांगला भेटंन. आमी तिघंही हसलो. घरी येताना गाडीत मात्र ती सारा रस्ता रडली.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईनं आमाले तास-दीड तास बसवून समजावलं. जठराचा मोठा भाग काढून टाकतात अन् केळाएवढी नळी ठेवतात, दुर्बिणीतून, पोटावर पाच बारीक छेद. माह्या सासूनं, कस्तुराबाईनं, सरळ विचारलं का पोरगी मेली तर. बाई चिडली नाही. म्हणे, धोका आहे, कमी आहे पण आहे. शिवण गळू शकते, रक्ताची गुठळी होऊ शकते. पण हे वजन, ही शुगर अन् हा झोपेतला श्वास घेऊन अशीच राहिली तर त्याहून मोठा धोका आहे. मंग तिनं बोट वर करून सांगतलं का ऑपरेशन म्हणजे अर्धं काम. उरलेलं अर्धं घरी कराचं, जन्मभर. जीवनसत्त्वाच्या गोळ्या रोज. तपासण्या वेळेवर. अन् उलट्या सुरू झाल्या तर दोन दिवसाच्या वर वाट पाहाची नाही, फोन कराचा.

तिनं एक कार्ड दिलं, एटीएमच्या कार्डाएवढं. त्यावर मंजुषाचं नाव, ऑपरेशनचं नाव, तारीख, अन् खाली फोन नंबर. म्हणे, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की आधी हे दाखवा. ते कार्ड मंजुषानं माह्याजवळ दिलं, कारण राजूभाऊ वस्तू हरवते अन् मी हरवत नाही.

आता खोटं कसं सुरू झालं ते सांगतो. सासू म्हणे, जाड झाली म्हणून पोट कापलं असं लोकाइले सांगाचं का? हसून हसून मरतीन. मंजुषाले तर तो व्हिडिओ अजून डोळ्यापुढं होता. तिनं माहे हात धरले अन् म्हणे, "ताई, काहीही सांगा. हे सोडून काहीही."

मले एका मिनिटात सुचलं. आमच्याकडं पस्तिशीच्या वरच्या बाईचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं म्हणलं तर कोणी दुसरा सवाल करत नाही. गल्लीत चार बायाइचं झालं हाय, पाचवीचं झालं. तवा मी पिठाच्या गिरणीवर सांगतलं का मंजुषाची पिशवी काढाची हाय, लय त्रास हाय तिले. दुसऱ्या दिवशी गावभर झालं. मले माही हुशारीच वाटली.

सोयाबीन निघालं, विकलं, अन् डिसेंबरच्या पहिल्या हप्त्यात ऑपरेशन झालं. त्यात काही चूक झाली नाही, हे मी छातीठोक सांगतो, नाही तर लोक डॉक्टरच्या नावानं बोटं मोडतात. दुसऱ्या दिवशी ती चालली. पाचव्या दिवशी सुटी झाली. पंधरा दिवसात शुगरच्या गोळ्या अर्ध्या झाल्या. तिच्याच वार्डात हिंगोलीकडची एक मास्तरीण होती, तिचंही तेच ऑपरेशन. ती आज मस्त हाय, शाळेत जाते, तिचे फोटो राजूभाऊच्या मोबाइलवर येतात. तो ते पाहत नाही.

घरी आलो अन् बाया भेटाले लागल्या. पिशवीच्या ऑपरेशनवाल्या बाईले भेटाले जाताना आमच्याकडं रिकाम्या हातानं जात नाहीत. कोणी डिंकाचे लाडू आणले, कोणी तुपातला शिरा, कोणी खसखशीची खीर. मंजुषाले त्या वक्ती फक्त पातळ चालत होतं, तेही घोटघोट. पण समोर बसलेली बाई म्हणे, खा व, कंबरीले जोर येईन, मी पहाटे उठून केला हाय. काय सांगाचं तिले? मंजुषा लाडवाचा एक तुकडा तोंडात घोळवे अन् मोरीत जाऊन थुंके. कधी गिळला जाये. मी तिथंच बसून राहो, बायाइसंग हसत.

चवथ्या हप्त्यानंतर उलट्या लागल्या. पहिले दिवसाकाठी एखादी, मंग जे खाईन ते. वरणाचं पाणी बी टिकेना. गोळ्या घेतल्या का त्या तशाच बाहेर. आठ दिवसानं तिनं गोळ्या सोडल्या. म्हणे, या गोळ्याइनंच मळमळते. मले ते पटलं. माह्याकडं गरोदर बाया लोहाच्या गोळ्याइबद्दल हेच सांगतात, अन् मी त्याइले ओरडतो. तिले मी ओरडली नाही.

काहून नाही ओरडली, ते आता कबूल करतो. मी तिचं वजन लिहून राह्यली होती. दर सोमवारी, वहीच्या मागच्या पानावर. गावातल्या रेशन दुकानाचा काटा मी मांगून आणे, धान्य मोजाच्या नावानं. एकशे एकतीस, एकशे बावीस, एकशे सतरा, एकशे बारा. दर सोमवारी आकडा उतरे अन् आमी दोघी खुश. पोराचं वजन उतरलं तर मायले झापणारी मी, अन् इथं एक बाई उपाशी मरून राह्यली होती अन् मी तिले शाबासकी देत होती. थू असल्या शिक्षणावर.

एक डाव मी म्हणलं होतं, नागपूरले फोन करू का. ती म्हणे नको. फोन केला तर बोलावतीन, पुन्हा भरती करतीन, गाव म्हणीन पिशवीच्या ऑपरेशनले दोन-दोनदा नागपूर काहून. अन् दुसरं म्हणजे संक्रांत आली होती. तिले हळदीकुंकवाले जाचं होतं. पाच वर्षांत ती कोणाच्या घरी गेली नव्हती, कारण सगळीकडं खाली सतरंजीवर बसावं लागते, अन् बसली तर उठता येत नव्हतं.

ती गेली. जांभळी साडी नेसून, ब्लाऊज स्वतः उसवून दोन्हीकडून लहान केलेला. अकरा घरी गेली, पायी. पहिल्या घरी ती खाली बसली अन् एक हात टेकवून एकटी उठली, तवा तिनं माह्याकडं असं पाह्यलं का मले तिथंच रडू फुटलं. बाया म्हणत, अव बाई, पिशवी काढल्यावर आमी तर फुगलो, तू कशी वाळली? आमाले बी सांग तो डॉक्टर. ती हसली. दर घरी तिळगुळ तोंडात घालावा लागला. घरी आली अन् रात्रीपर्यंत ओकत होती. ओकता ओकता म्हणे, ताई, आजचा दिवस लय चांगला गेला. तिच्या आयुष्यातला तोच शेवटचा दिवस जो तिले धड जगता आला.

रथसप्तमी झाली अन् ती अंथरुणाले लागली. पायात मुंग्या येतात म्हणे. चालताना भिंत धरे. राजूभाऊ पुसदले तूर विकाले गेला होता, नंबर लागेपर्यंत तिथंच मुक्काम. मी तिले ऑटोत टाकून तालुक्याले नेलं, एका डॉक्टरकडं. त्याचं नाव मी घेत नाही, कारण त्याची चूक नाही. त्याच्याकडं मदनसिंग कंपाउंडर हाय, आमच्या गावाच्या बाजूच्या तांड्यातला, भला माणूस, पण अर्ध्या तालुक्याच्या खबरा त्याच्याकडं.

डॉक्टरनं विचारलं, किती दिवसापासून उलट्या. मी सांगतलं, तीन हप्ते. त्यानं पोट पाह्यलं, छेदाच्या खुणा पाह्यल्या.

"ऑपरेशन कशाचं झालंय?" त्यानं विचारलं.

मदनसिंग तिथंच उभा होता, हातात सुई घेऊन. कार्ड माह्या पर्समध्ये होतं अन् पर्स माह्या मांडीवर होती. मंजुषानं माह्याकडं पाह्यलं.

"गर्भपिशवीचं," मी म्हणलं. "दीड महिना झाला."

फाईल मांगितली तर घरी राह्यली म्हणून सांगतलं. डॉक्टरनं मान हलवली. अशक्तपणा आहे, पाणी कमी झालंय, दोन बाटल्या चढवू म्हणे, अन् ग्लुकोज लावलं. मंजुषानं माहा हात दाबला. धन्यवाद म्हणून दाबला तिनं. तो हात मले अजून जाणवते, अन् जवा जवा जाणवते तवा वाटते का कोयत्यानं तोडून टाकावा. दुसऱ्या दिवशी आणखी दोन बाटल्या लावल्या.

पुढं मले नागपुरात कळलं ते इथंच सांगतो, म्हणजे तुमाले समजंन. शरीराले ब-एक नावाचं जीवनसत्त्व लागते. ते साठून राहत नाही, दोन-तीन हप्ते पोटात काही टिकलं नाही तर संपते. ते संपलेल्या माणसाले आधी त्याचं इंजेक्शन न देता निरं ग्लुकोज चढवलं, तर जे काही थेंब उरलं असंन तेही ते ग्लुकोज पचवण्यात खपून जाते, अन् मार बसते मेंदूले. ऑपरेशन जठराचं हाय हे त्या डॉक्टरले माहीत असतं तर त्यानं पहिले इंजेक्शन दिलं असतं. पन्नास-साठ रुपयाचं इंजेक्शन असते ते. त्याच्याच कपाटात होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मयुरी माह्याकडं पळत आली. म्हणे, मोठी आई, आईचे डोळे नाचून राह्यले. मी गेली. मंजुषा पलंगावर बसली होती अन् तिचे डोळे इकडून तिकडं थरथरत होते, एका जागी ठरत नव्हते. मले म्हणे, तुमी दोघी काहून आल्या. पुढं मी एकटीच होती, तिले एकाचे दोन दिसत होते. उभी कराले गेली तर दारू पेल्यावानी झोकांडली. मंग विचारलं, बाबा जेवले का. तिचा बाप जाऊन नऊ वर्षं झाली होती. सासू म्हणे अशक्तपणा हाय, झोपू द्या. मी पुन्हा गप्प बसली. अख्खा दिवस गेला, ऐका, अख्खा दिवस.

संध्याकाळी राजूभाऊ पुसदहून आला. त्यानं बायकोचं तोंड पाह्यलं अन् मले म्हणे, कार्ड द्या. मी काढून दिलं. त्यानं अंगणात उभं राहूनच फोन लावला. डॉक्टरीणबाईनं दोनच गोष्टी विचारल्या, उलट्या किती दिवस अन् सलाईन कोणतं लावलं. मंग ती फोनवर ओरडली, तिचा आवाज मले लांबून ऐकू आला. आत्ताच्या आत्ता वाशीमला न्या, मी तिथं सांगते, इंजेक्शन द्यायला लावा अन् तसंच नागपूरला आणा. आमी निघालो. वाशीमले पोचताच इंजेक्शन दिलं, अन् तिथून अँब्युलन्स.

नागपुरात चार दिवसात डोळे थांबले. दुर्बीण टाकून पाह्यलं तर नळीत एका जागी अरुंद झालं होतं, म्हणून उलट्या. ते फुग्यानं मोकळं केलं. अर्ध्या घंट्याचं काम. दुसऱ्या दिवशी मंजुषानं खिचडी खाल्ली अन् ती टिकली. आमाले वाटलं, सुटलो. राजूभाऊनं वार्डातल्या सगळ्याइले चहा पाजला. मंग आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईनं तिले विचारलं, सकाळी काय खाल्लं? मंजुषा म्हणे, पोहे. खाल्ला होता तिनं रव्याचा उपमा, अन् तोही अर्ध्या घंट्यापहिले. विचारलं, इथं कशाला आलात? म्हणे, ऑपरेशन कराले, उद्या हाय ना.

डॉक्टरीणबाई आमाले दोघाले बाहेर घेऊन गेली. जुनं बरंचसं राहील म्हणे, हात-पाय सुधारतील, चालेल. पण नवीन गोष्ट डोक्यात टिकणं कठीण आहे. काही लोकांत थोडं परत येतं, काहींत येत नाही. मंग तिनं विचारलं का तालुक्याच्या डॉक्टरला कार्ड दाखवलं नव्हतं का. राजूभाऊ म्हणे, दाखवलंच असंन, वैनीजवळ होतं. दोघं माह्याकडं पाहत राह्यले. मी सांगतलं. काय सांगतलं होतं तालुक्याले ते शब्दाशब्दानं सांगतलं. डॉक्टरीणबाई चष्मा काढून डोळे चोळत बसली. राजूभाऊनं मले एक शिवी बी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून तो माह्याशी कामापुरतं बोलते. जेवताना ताट मी वाढलं तर जेवते, पण वर पाहत नाही.

या गोष्टीले दोन वर्षं झाली. मंजुषा आता चौसष्ट किलोची हाय. शुगर नाही, गोळ्या मी माह्या हातानं देतो, इंजेक्शनं वेळेवर. भिंत न धरता चालते. ऑपरेशननं जे द्याचं होतं ते सारं दिलं. मशीनीजवळ ऐटीत बसते, हाताले शिवण आठवते, पण कोणाचं ब्लाऊज हाय ते आठवत नाही. एकच बाही लावते, काढते, पुन्हा लावते. मी बाजूले बसून कापड हातातून घेतो, नाही तर संध्याकाळपर्यंत तेच.

रोज सकाळी उठते अन् आपला हात पाहते, मनगट पाहते. म्हणे, ताई, मी बारीक कशी झाली? अन् मंग म्हणे, आपल्याले नागपूरले कधी जाचं, सोयाबीन निघालं का? तिच्यासाठी ते ऑपरेशन अजून व्हाचंच हाय. मयुरी आता बारा वर्षांची हाय. मायले वाटते पोरगी दहाचीच हाय, अन् पोरीची वाढलेली उंची पाहून ती रोज नव्यानं चकित होते. मयुरी पहिले रडे. आता ती सांगते, हो आई, मी वाढली, अन् दप्तर घेऊन शाळेत जाते.

सुरुवातीले मी मंजुषाले खरं सांगून पाह्यलं. ऑपरेशन झालं, असं असं झालं, तू आजारी पडली. ती ऐके, धाय मोकलून रडे, अन् पाणी पेऊन परत येईपर्यंत विसरून जाये. मंग मले विचारे, ताई, माहे डोळे काहून सुजले? चार-पाच डाव असं झालं. मंग राजूभाऊनं मना केलं. आता नागपूरले कधी जाचं विचारलं का मी सोमवारी म्हणतो.

गावात मात्र मी खरं कोणाले सांगतलं नव्हतं. भूल डोक्यात चढली म्हणत होते, म्हणू दिलं. मागच्या महिन्यात चंदाबाई आली, बाजूच्या तांड्यातली. तिची सून मंजुषासारखीच हाय, वजन फार, शुगर, बीपी. डॉक्टरनं हेच ऑपरेशन सांगतलं हाय. तिले कोठून तरी कुणकुण लागली होती का मंजुषाचंही वजनाचंच ऑपरेशन झालं. तिनं ओसरीत बसता बसताच विचारलं, "निताबाई, खरं सांग. माह्या सुनेले करू का नको?"

मंजुषा तिथंच मशीनीवर होती. तिच्यापुढं बोलावं का नाही? मंग म्हणलं, पुरे झालं आता. अन् सारं सांगतलं. मंजुषाचं नाव न घेता सांगतलं, एक बाई होती म्हणून. व्हिडिओपासून सांगतलं, काट्यावरचे आकडे, डिंकाचे लाडू, अकरा घरचं हळदीकुंकू, पर्समधलं कार्ड. सुनेचं ऑपरेशन कर म्हणलं, चांगला डॉक्टर पाहून कर, पण तांड्यात सगळ्याइले सांगून कर, अन् उलटी झाली तर फोन कर, अन् प्रत्येक डॉक्टरले पहिले तेच सांग. चंदाबाई समजली कोण बाई ते. ती पदराचं टोक तोंडाले लावून खाली पाहत बसली.

मंजुषानं मशीन कधी थांबवली ते मले कळलं नाही. ती उठून माह्याजवळ येऊन बसली होती, सुरुवातीचं व्हिडिओचं कधीचंच विसरून. तिचे डोळे भरले होते.

"कोण व ते बाई, ताई?" ती म्हणे. "तिच्या घरचे काय करून राह्यले होते?"

"तिच्याजवळच बसून होते," मी म्हणलं.

"मंग त्या डॉक्टरले सांगतलं काहून नाही?"

"लाज वाटली त्याइले."

मंजुषानं माह्या तोंडाकडं पाह्यलं. तिले खरंच समजत नव्हतं.

"कायची लाज?" ती म्हणे.